सुभेदार नव्हते, घोडाही नव्हता

आमच्या जुन्या पेठेत थापा मारणाऱ्या माणसाला ‘सुभेदाराचा घोडा’ म्हणतात. कोल्हापुरात इतरत्र हे कुणाला कळणार नाही. दोन-चार गल्ल्यांपुरतंच ते आहे. एव्हाना तेही बुजलं असेल असं मी धरून चाललो होतो. गेल्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयात जेवायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावरचा एक तरुण मित्राबद्दल म्हणाला, “त्याचं काय ऐकतोस, सुभेदाराचा घोडा हाय त्यो. निस्ता भोंग्यावर खिंकाळतोय.” सगळे हसले. मी त्याला विचारलं, हा सुभेदार कोण?

“काय की आजोबा,” तो म्हणाला. “आमचा बा म्हणायचा.”

तो सुभेदार कोण होता हे सांगू शकणारा आता बहुधा मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो. ते सुभेदार नव्हते. त्यांच्याकडे घोडा कधीच नव्हता. आणि थाप त्यांनी मारली नव्हती. ती मी मारली होती.

ते माझे घरमालक. मी नुकताच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि पेठेत खोली शोधत होतो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. दारात काढलेल्या माझ्या चपला उचलल्या, उलट्या केल्या आणि टाचांची झीज बघितली.

“डाव्या पायावर भार टाकताय,” ते म्हणाले. “चाळिशीत गुडगा जाणार. पर चाल सरळ हाय. ऱ्हावा.”

माझा डावा गुडघा अजून शाबूत आहे. उजवा गेला.

मालक मूळचे कोडोलीचे. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, वर पांढरा सदरा आणि खाली बारा महिने खाकी हाफ पँट. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. परत आल्यावर भावांच्यात शेतीवर राहिले नाहीत, शहरात येऊन म्हशी घेतल्या. सकाळी घरोघरी दुधाचा रतीब घालायचे आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोरासमोर धार काढून द्यायचे. बायको लवकर गेलेली. एक मुलगी होती, तेव्हा आठ-दहा वर्षांची.

आमच्याकडे माणूस साधं ‘जेवलास का’ विचारतो तेही पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. मालक मात्र कुजबुजत बोलायचे. घसा बसला असेल असं मला पहिले काही दिवस वाटलं. मग त्यांचं भांडण बघितलं. शेजाऱ्यांनी गटारीचं तोंड आमच्या गोठ्याकडे वळवलं होतं. मालक त्यांच्या दारात गेले, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि कानाशी तोंड नेऊन सावकाश, अगदी हळू आवाजात, त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. शेजारी पांढरा पडला. त्याची बायको उंबऱ्यावरून म्हणाली, “मालक, जरा वरडा की. भांडल्यावानी तरी वाटंल.”

म्हशींनाही ते हाक मारत नसत. मानेवर दोन थापा म्हणजे चल, पाठीवर तळवा म्हणजे थांब. शिट्टी नाही, चाबूक नाही. दिवाळीच्या पाडव्याला पेठेतल्या म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून मिरवत निघायच्या. मालकांच्या म्हशीही रंगवलेल्या असत, पण त्यांच्या घुंगरांत ते कापूस कोंबायचे. त्या मुक्या घुंगरांवर पेठेत दरवर्षी नव्यानं विनोद व्हायचे. मालक ते ऐकून घ्यायचे.

दुसरं त्यांचं वेड वजनाचं. एका बाजूला जास्त भार आणि दुसऱ्या बाजूला कमी, हे त्यांना बघवत नसे. मंडईतून येणाऱ्या बायकांना ते रस्त्यात थांबवायचे, दोन्ही पिशव्या मागून घ्यायचे, या पिशवीतले बटाटे त्या पिशवीत घालायचे आणि दोन्ही हातांत तोलून परत द्यायचे. ओळखीच्या बायका निमूट उभ्या राहायच्या. अनोळखी शिव्या द्यायच्या. शाळेच्या पोरांची दप्तरं ते दुसऱ्या खांद्यावर टाकायला लावायचे. एकदा कुणा परगावच्या पाहुण्याच्या एका हातात रॉकेलचा भरलेला डबा होता आणि दुसरा हात रिकामा.

“पावणं, जरा थांबा,” म्हणून मालकांनी त्याच्या रिकाम्या हातात एक वीट दिली. त्या माणसानं ती घेतली. का घेतली ते त्यालाच माहीत. पंचगंगेच्या पुलापर्यंत तो वीट घेऊन गेला आणि तिथं भानावर येऊन परत भांडायला आला. मालकांनी त्याला धारोष्ण दूध पाजून वाटेला लावलं.

या वेडाचा त्यांना तोटाही व्हायचा. रतिबाच्या दोन किटल्या असत. एखाद्या दिवशी म्हैस कमी दूध द्यायची आणि एकच किटली भरायची. मग तोल साधायला दुसरीत ते पाणी भरून घ्यायचे. दूधवाला एका हातात दूध आणि एका हातात उघड पाणी घेऊन दारोदार फिरतो, हे कोल्हापुरात कुणाला पटणार? निम्मी गिऱ्हाइकं तेवढ्यावरून तुटली. “मिसळत न्हाय, निस्तं न्हेतोय,” असं ते ज्याच्या त्याच्या कानात सांगायचे. कानात सांगितल्यामुळे ते आणखीच खोटं वाटायचं.

त्यांचा बोलण्यातला एकच हुकमी शब्द म्हणजे ‘दोन बोटं’. जनावराच्या पोटाखालून पालाणाचा पट्टा आवळतात, त्याला तंग म्हणतात. तंग आणि पोट यांच्यात दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायची. कमी ठेवली तर जनावराला दम लागतो, जास्त ठेवली तर ओझं घसरतं. मालक हे सगळीकडे लावायचे. मी भाडं द्यायला उशीर केला तर म्हणायचे, “मास्तर, दोन बोटं चालतंय. आख्खा हात घालू नगा.” त्यांच्या मुलीचा अभ्यास मी घ्यायचो, तिच्यावर रागावलो तर दारातून नुसती दोन बोटं दाखवून जायचे.

बेंदराच्या सणाला कुंभार मातीचे बैल करतात. मालक नेहमीची जोडी घ्यायचेच, पण आणखी एक जनावर मुद्दाम करवून घ्यायचे. कान लांब, मान खाली, शेपटीला गोंडा.

“बेंदराला गाढव?” कुंभार दरवर्षी विचारायचा.

“गाढव न्हवं. खेचर.”

“त्येच की.”

“त्येच न्हवं,” मालक कुजबुजायचे, आणि रंग द्यायच्या आधी कानांची लांबी स्वतः तपासायचे.

तर ते ब्रह्मदेशात खेचरं हाकत होते. फौजेत त्या माणसाला ड्रायव्हर म्हणतात. मालक कुणालाही विचारल्यावर सरळ ‘डायवर’ असं सांगत, आणि पेठेतली माणसं समजत की यांनी लष्करात ट्रक चालवला. त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. याहून जास्त लढाईबद्दल ते बोलत नसत, कुणी विचारतही नसे.

विचारलं मी. पाकिस्तानशी पासष्टची लढाई होऊन वर्ष झालं होतं. आमच्या तालमीच्या गणपतीला त्या वर्षी सजीव देखावा करायचं ठरलं होतं, आणि मी मास्तर असल्यामुळे लिखाण माझ्याकडे आलं. देखावे सगळ्याच पेठांत लढाईचेच होणार होते. आपल्याकडे खरा लढाईवर गेलेला माणूस आहे, हे मला सुचलं आणि मी स्वतःवर खूश झालो. मी गोठ्यात गेलो. मालक धार काढत होते. मी म्हणालो, लढाईतलं काहीतरी सांगा, देखाव्यासाठी लिहायचं आहे.

त्यांनी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि धार न थांबवता सांगितलं. ते जसं सांगितलं तसं मी आज पहिल्यांदा लिहितोय.

“हौसा म्हणून खेचर हुती माझ्याकडं. राखी रंगाची. समुद्रापल्याडनं बोटीतनं आल्याली. कागदावर निस्ता नंबर, नाव म्या ठेवल्यालं. जंगलात जायाच्या आदी डाक्टर आलं. म्हणालं, खेचर वरडलं की जपान्याला ठावं लागतंय. सगळ्यांच्या गळ्यातला आवाज कापून काढायचा. म्या तिचं डोस्कं मांडीवर धरलं. शुद्धीवर आली आन् वरडाय म्हणून तोंड उगाडलं. निस्ता वारा आला. माझ्याकडं बगत ऱ्हायली. परत उगाडलं. परत वारा.”

दुधाची धार चालूच होती.

“मग डोंगर. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, वाट एका जनावराची. मला हिवताप भरल्याला. माझी पिशवी मलाच पेलंना. काय हुतं तिच्यात, कांबळं आन् शिधा. ती म्या काढली आन् हौसाच्या पालाणाला अडकिवली. एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला कायतरी टाकाय पायजे हुतं, धोंडा का हुईना. ठावं हुतं मला. दुसऱ्यांस्नी म्याच शिकिवल्यालं. पर कट्टाळा केला.”

“मग?”

“मग काय. पाऊस झाल्याला. ओझं एका अंगाला वढलं, पालाण फिरलं, गेली खाली. धुकं हुतं, काय दिसंना. आता वरडणारं जनावर असतं तर आवाजावं जाऊन हुडकलं असतं का न्हाय? म्या थोडा उतारलो. कान दिऊन बसलो. ती तोंड उगडत असंल खाली, मला काय कळणार. आन् मला बी हाक मारायचा हुकूम न्हवता. वरनं इशारा आला, चला म्हणून. मागची खेचरं खोळंबल्याली.”

मी म्हणालो, “पडल्या पडल्याच गेली असेल.”

“आसंल,” ते म्हणाले. “नसंल बी.”

ते बादली घेऊन उठले. म्हणाले, “मास्तर, लिवणार आसला तर तिचं नाव घाला. माझं न्हाय घातलं तरी चालंल.”

त्या रात्री तालमीत बैठक होती. मी ही हकिगत सांगितली. सगळे गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला आवडलं नाही. मग अध्यक्ष म्हणाले, “मास्तर, दरीत पडलं आन् मेलं, ह्याला लोक टाळ्या कवा वाजिवणार?”

“खेचर कुठनं आणायचं?” दुसरा म्हणाला. “टांगेवाल्याचा पांढरा घोडा मिळतोय.”

कुणीतरी म्हणालं, “मास्तर, तुमी हुशार हायसा, फिरवा जरा.”

मी फिरवलं. त्याच बैठकीत, कागद मांडीवर घेऊन. खेचराचा घोडा केला. ड्रायव्हरचा सुभेदार केला. जखमी साहेबाला पुढ्यात घेऊन सुभेदार घोडा फेकतो, घोडा दरी ओलांडतो आणि पलीकडे जाऊन असा खिंकाळतो की शत्रूची फळी हादरते. घोड्याचं नाव विजय ठेवलं. आणि शेवटी, हे सगळं खरं वाटावं म्हणून, भोंग्यावरून सांगायचं एक वाक्य लिहिलं: ‘हा पराक्रम आपल्याच पेठेतल्या वीराच्या तोंडून ऐकलेला आहे,’ आणि पुढे मालकांचं संपूर्ण नाव. माझ्याकडून सगळ्यात वाईट काय झालं असेल तर ते वाक्य. बाकीचं सगळं नाटक म्हणून चाललं असतं.

देखावा असा होता. फळ्यांच्या व्यासपीठावर टांग्याचा म्हातारा घोडा, त्याच्यावर तालमीतला सगळ्यात दांडगा पैलवान, मागे रंगवलेली दरी. खिंकाळायचं काम तालमीतल्या एका नकलाकाराकडे होतं. तो पडद्यामागून माईकमध्ये इतकं जोरात खिंकाळायचा की रस्त्यावरची पोरं दचकायची. घोडा मात्र दिवसभर टांगा ओढून आलेला असल्यामुळे उभ्या उभ्या झोपायचा. विजय झोपला आहे आणि त्याचा आवाज गर्जतो आहे, असं ते दृश्य.

पहिल्या संध्याकाळी मालक बघायला आले. मुलीला खांद्यावर घेतलं होतं. देखावा झाला, भोंग्यावर त्यांचं नाव पुकारलं गेलं, लोकांनी वळून त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मालकांनी मुलीला खाली ठेवलं, व्यासपीठावर चढले, घोड्याच्या पोटाखाली हात घातला आणि तंग एक भोक सैल केला. दोन बोटं घालून बघितली. मग खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि कानाशी म्हणाले, “मास्तर, तिला आवाज न्हवता.”

एवढंच. मी म्हणालो, उद्या बदलतो. बदललं नाही. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली आणि आमच्या देखाव्याला भागात पहिला नंबर मिळाला.

शेवटच्या दिवशी तालमीनं मालकांचा सत्कार केला. त्यांना खुर्चीवर बसवलं, हार घातला. त्यांनी तो काढला आणि नेऊन टांग्याच्या घोड्याच्या गळ्यात घातला. घोड्यानं लगेच खायला सुरुवात केली. काय हा विनय, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो. त्या दिवसापासून पेठ त्यांना सुभेदार म्हणायला लागली. प्रत्येक वेळी ते थांबून सांगायचे, “सुभेदार न्हवं. डायवर.” तोही विनयच समजला गेला.

थंडीच्या दिवसांत पन्हाळ्याहून एक गृहस्थ त्यांना शोधत गंगावेशीत आले. हे खरेखुरे निवृत्त सुभेदार. पिळदार मिशा, हातात काठी. पराक्रमाची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्यांना भेटायचं होतं. मी तेव्हा कट्ट्याशी दुधाचा पेला घेऊन उभा होतो. गिऱ्हाइकांची गर्दी होती.

“कुठला रिसाला? कुठलं घोडदळ?” त्यांनी विचारलं.

“रिसाला न्हाय, साब,” मालक उभे राहून म्हणाले. “ए. टी. कंपनी. खेचरं.”

“खेचरं? मग घोड्यावरनं दरी वलांडली ते?”

मालकांनी म्हशीच्या पाठीवर तळवा ठेवला.

“साहेबाला पुढ्यात घेतल्यालं ते? भोंग्यावर सांगिटलंय म्हणं तुमी.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रस्त्यात एखाद्याच्या हातातल्या पिशव्यांकडे बघायचे तसं, काय करतोय हा, असं. मी पेल्यात बघितलं. पेल्यात धारेचा फेस होता. मी तो बोटानं बाजूला केला.

“फौजेचं नाव खराब करू नये,” ते गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “खेचरं धरणाऱ्यानं खेचराएवढंच बोलावं.”

लोक हसले. मालक खाली बसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पेला घेतला.

ते तेव्हा का बोलले नाहीत, मला सांगता येणार नाही. मास्तरानं लिहिलंय, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी मोठ्या मनाची कारणं शोधून बघितली आहेत, पण ती माझ्या सोयीची आहेत. कदाचित कुजबुजत बोलणाऱ्या माणसाला त्या गर्दीत स्वतःची बाजू मांडणं शक्यच नव्हतं. मी का बोललो नाही ते मात्र मला नक्की माहीत आहे. शाळेत मी नवा होतो आणि पहिल्या नंबराबद्दल हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी माझं कौतुक केलं होतं.

पुढचं पेठेनं केलं. दुधाच्या किटलीशेजारची पाण्याची किटली लोकांना नव्यानं आठवली. कापसाची घुंगरं, मातीचं गाढव, पिशव्या तोलणं, सगळ्याचा अर्थ लागला: माणूस पहिल्यापासनंच तसला. पोरं त्यांच्या मागून खिंकाळायची. ‘सुभेदाराचा घोडा’ त्याच हिवाळ्यात तयार झाला.

उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी खोली सोडली. हातगाडीवर सामान चढवत होतो. मालक गोठ्यातून आले, माझी ट्रंक उचलून मधोमध ठेवली, गादीची वळकटी एका बाजूला आणि पुस्तकांची पोती दुसऱ्या बाजूला लावली, गाडीचे दांडे उचलून तोल बघितला. “जावा आता,” म्हणाले. मी त्यांच्या पाया पडलो.

नंतर मी मुख्याध्यापक झालो. रोजचा सुविचार फळ्यावर लिहायचं काम मी कुणाला देत नसे. मालकांनी म्हशी विकल्याचं कळलं, मुलगी जयसिंगपूरला दिल्याचं कळलं, ते गेल्याचं कळलं. तिन्ही वेळा मी कोल्हापुरातच होतो, गेलो नाही.

त्या लग्नात तो तरुण बोलला, त्यानंतरच्या आठवड्यात मी एसटीनं जयसिंगपूरला गेलो. मुलीचं घर शोधायला त्रास पडला नाही. नवऱ्याचं अडत दुकान होतं, जुनं नाव होतं. तीही आता सत्तरीला आलेली. तिनं मला ओळखलं नाही. मास्तर म्हटल्यावर ओळखलं.

“बसा की मास्तर. तुमी मला पाढे म्हणायला लावायचा.”

मी चहा नको म्हणालो आणि आधी सांगून टाकलं. जे इथं लिहिलंय तेच, गोठ्यापासून गंगावेशीपर्यंत. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. भाजीची परात मांडीवर होती, त्यातली गवार ती मोडत होती. कधीतरी मोडायची थांबली.

“मंजे आप्पांनी सांगितलंच न्हवतं,” ती म्हणाली.

“नाही. ते फक्त हौसाचं बोलले.”

“हौसा ह्ये नाव मी आजच ऐकतीया, मास्तर.” ती म्हणाली, “मला बी वाटायचं, आप्पांनीच थाप मारली आसंल. पोरगी मी त्यांची, पर मला बी तसंच वाटायचं. सगळी पेठ म्हणायची, मग काय. हिकडं लग्न हून आले तर हिकडं बी आलं मागोमाग. मी काय बोलाय गेले की हे म्हणणार, व्हय, घोड्यावनं आलीयास न्हवं माहेरनं. बारशाला त्येच, जावळाला त्येच. पन्नास वर्सं. परवा बी म्हणाले.”

मी तिच्या परातीतली एक शेंग उचलून मोडली.

“आप्पा शेवटी हितंच हुते,” ती म्हणाली. “त्या खोलीत. एक दिवस मला जवळ बोलीवलं. म्हणाले, बस, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय, लढाईतलं. मी म्हणाले, नगं आप्पा. आता घोडं नगं.” तिनं परात खाली ठेवली. “बरं म्हणाले. परत काय बोलले न्हाईत.”

मी क्षमा मागायला शब्द जुळवून गेलो होतो. ते तिथं बोलण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, मी हे लिहिणार आहे, छापून येईल असं बघतो.

“लिवा की. लिवायचंच हाय. पर लिवल्यालं कोण वाचतंय?” ती उठली. आतल्या दाराशी जाऊन तिनं हाक मारली. तिच्या बापाच्या घरात कुणी कधी मारली नसेल अशी मोठी हाक होती ती. “अवं. भाईर या जरा. आमच्या आप्पांचं मास्तर आल्यात.”

तिचे यजमान काठी टेकत बाहेर आले. माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि खुर्चीवर बसले.

“ह्यास्नी ऐकाय कमी येतंय,” ती मला म्हणाली. “परत सांगा. पयल्यापास्नं. मोठ्यानं सांगाय लागंल.”

मग तिनं रस्त्याकडचं दार पुरतं उघडलं, त्याला वीट लावली, आणि शेजारच्या ओट्यावर बसलेल्या दोघा-तिघांना म्हणाली, “या की आत. बसा.” ती माणसं आत आली. ती स्वतः दारातच उभी राहिली.

मी म्हणालो, “तुमच्या सासऱ्यांनी थाप मारली नव्हती.”

“आँ?” त्यांनी कानामागं तळहात धरला.

मी खुर्ची पुढं ओढली आणि ओरडून सांगितलं.